चूक पुढच्या ओळीत आहे

‘हे समजलं नाही. संभाव्य कारणं: चुकीचं स्पेलिंग किंवा स्वल्पविरामाची चूक.’

हेच वाक्य मला बॉसने ऐकवलं असतं तर मी नोकरी बदलली असती. शेअर रिक्षावाल्याने ऐकवलं असतं तर उतरून चालत गेलो असतो. पण मला हे दिवसभर ऐकवतो सिंटॅक्स चेक, म्हणजे प्रोग्रॅमचं व्याकरण तपासणारं यंत्र, आणि त्याच्याशी भांडायची सोय नाही. चिडून मनातलं काही टाइप करावं, तर तेही त्याला समजत नाही आणि संभाव्य कारणं पुन्हा तीच दोन.

मी एबॅप नावाच्या भाषेत प्रोग्रॅम लिहितो. भाषा मूळची जर्मनीची. १९७२ साली आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच जणांनी तिकडे एसएपी ही कंपनी काढली आणि पुढे मोठ्या उद्योगांचे हिशेब, गोदामं, पगार असं सगळं एकाच सॉफ्टवेअरमध्ये बसवलं. त्या सॉफ्टवेअरची ही भाषा. टेबलांची नावं बीकेपीएफ, बीएसईजी, केएनए-वन अशी. जुन्या कोडमधल्या टिपाही बऱ्याचदा जर्मनमध्येच. म्हणजे जर्मन माणसाने लिहून ठेवलेलं इंग्रजीत वाचायचं, त्याला हिंदीत शिव्या घालायच्या आणि मराठीत चर्चा करून दुरुस्त करायचं, असं आमचं काम.

आईला मी एकदा समजावून सांगितलं होतं, की या भाषेत प्रत्येक वाक्याच्या शेवटी पूर्णविराम लागतो आणि तो राहिला की काम अडतं. तेव्हापासून विरारमध्ये चंदनसारच्या आमच्या इमारतीत कोणी ‘मुलगा काय करतो हो?’ असं विचारलं, की ती सांगते, ‘अंधेरीला जातो. टिंबं देतो.’ ऐकणाऱ्याला वाटतं, मी रांगोळीचे क्लास घेतो.

पण टिंबाचं काम वाटतं तितकं सोपं नाही. शाळेत मराठीच्या बाई पूर्णविराम विसरल्याबद्दल अर्धा मार्क कापायच्या, आणि जिथे विसरला तिथेच लाल गोल करायच्या. सिंटॅक्स चेक एवढा सरळमार्गी नाही. समजा, चाळिसाव्या ओळीच्या शेवटी टिंब राहिलं. हा बोट ठेवणार एक्केचाळिसाव्या ओळीवर. त्याच्या जागी बसून पाहिलं तर त्याचंही बरोबरच आहे. चाळिसावी ओळ टिंबाने संपलेली नाही, म्हणजे त्याच्या लेखी ती अजून चालूच आहे. चालत्या वाक्यात एक्केचाळिसाव्या ओळीचा पहिला शब्द दारातून आत येतो आणि तो विचारतो, ‘तुम्ही कोण?’ ज्याने दार उघडं टाकलं त्याला कोणी विचारत नाही. आत आला तो पकडला जातो.

आमच्या टीममध्ये कॉलेजातून नुकतीच आलेली एक मुलगी आहे. पहिल्याच आठवड्यात ती माझ्या टेबलाशी आली. चेहरा पडलेला.

‘सर, एक्केचाळीसमध्ये काहीच चूक नाहीये.’

‘वर बघ.’

तिने वर बघितलं. छताकडे.

‘अगं, ओळीच्या वर.’

तोपर्यंत तिने एक्केचाळिसावी ओळ पुसून पुन्हा लिहिली होती, दोन तुकडे करून पाहिली होती, मोठ्या लिपीत लिहून पाहिली होती (एबॅपला लहान-मोठ्या लिपीचं सोयरसुतक नाही), आणि शेवटी त्या ओळीच्या सुरुवातीला फुली मारून ती टीप म्हणून बाजूला ठेवली होती. मग चूक बेचाळिसाव्या ओळीवर गेली. तिला वाटलं, प्रगती आहे.

दुसरा स्वभाव असा, की हा गृहस्थ पुष्कळदा पहिल्या चुकीपाशीच थांबतो. पुढच्या नऊ चुका त्याला दिसत नाहीत असं नाही, पण त्या बघायला तो जातच नाही. पहिली निस्तरा, मग दुसरी. संध्याकाळी हा स्वभाव फार महाग पडतो. सगळं आवरून सहाची गाडी पकडायच्या बेतात असतो आणि टीम लीड खुर्ची सरकवत येतो.

‘किती राहिलंय?’

‘एकच एरर आहे.’

‘मघाशीही एकच होती ना?’

‘ती वेगळी एक होती.’

‘आणि जेवणाआधी?’

‘तीही एकच. पण तिच्यात आणि हिच्यात काही संबंध नाही.’

टीम लीडने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी दर वेळी एक-एक चूक घरून डब्यात घालून आणतोय.

घरून काम करण्याच्या दिवशी तर हे सगळं कुटुंबासमोर होतं. एकदा मी स्क्रीनवरचा मजकूर जरा मोठ्याने वाचला: ‘एंडइफच्या आधी, लूपने सुरू झालेली रचना एंडलूपने समाप्त करावी.’ एका अटीच्या आत आवर्तन घातलं आणि शेवट उलटसुलट क्रमाने केले, की हा संदेश येतो. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

‘कसली पूजा आहे रे?’

‘पूजा नाही. काम चाललंय.’

‘मग समाप्ती कसली करायला सांगताहेत? नारळ आणायचाय का?’

मी नको म्हटलं. पण संध्याकाळपर्यंत तो लूप काही बंद होईना, तेव्हा नारळाचा पर्याय अगदीच वाईट नव्हता असं वाटून गेलं.

अलीकडच्या आवृत्त्यांत सिंटॅक्स चेक जरा मनमिळाऊ झाला आहे. एखाद्या फील्डचं नाव चुकलं, की तो म्हणतो, ‘हे फील्ड माहीत नाही, पण मिळत्याजुळत्या नावाचं एक आहे.’ हा चांगुलपणा धोकादायक आहे. आमच्या एका सहकाऱ्याला बिलात सवलतीचा आकडा आणायचा होता. सवलतीचं फील्ड ‘डिस्क’. घाईत त्याच्याकडून शेवटचं अक्षर भलतंच पडलं. चेकने नम्रपणे सुचवलं, की मिळत्याजुळत्या नावाचं ‘डिस्ट’ आहे. ‘डिस्ट’ म्हणजे डिस्टन्स, गोदामापासून ग्राहकापर्यंतचे किलोमीटर. सहकाऱ्याने ‘अरे वा, सापडलं!’ म्हणून सूचना स्वीकारली. सिंटॅक्स शुद्ध, पेटत्या काडीचं चिन्ह दाबलं, प्रोग्रॅम ॲक्टिव्हेट. पुढे चाचणीत असं दिसलं, की ग्राहक जितके किलोमीटर लांब तितके रुपये सवलत. भिवंडीच्या ग्राहकाला ठेंगा आणि नागपूरकराला दिवाळी. धंद्याचे नियम ठरवून देणाऱ्या फंक्शनलवाल्यांनी विचारलं, ‘हे कोणाचं लॉजिक?’ तेव्हा सहकारी म्हणाला, ‘सिस्टीमने सजेस्ट केलं होतं.’ हे उत्तर इतकं भारदस्त वाटलं, की त्यावर चर्चेसाठी एक मीटिंग लागली.

लाल रंगाच्या चुकांना तरी माणूस भितो. पिवळ्या इशाऱ्यांचं तसं नाही. सिग्नलवर पिवळा दिवा दिसला की आपण काय करतो, ते गाडी चालवणाऱ्या कुठल्याही मराठी माणसाला विचारा. इशारा वाचून तो काय म्हणतो ते बघण्यापेक्षा तो गप्प कसा होईल ते आम्ही आधी शिकतो, आणि तशी सोय भाषेतच आहे. एखादं व्हेरिएबल जाहीर केलं आणि कुठेच वापरलं नाही, तर विस्तृत तपासणी कुरकुर करते. मग त्याच्यापुढे दोन हॅश काढून ‘नीडेड’ असं लिहायचं. अर्थ असा, की हे काहीही काम करत नाही हे मला ठाऊक आहे, तरी ते लागतं. लगेच शांतता. अशी माणसं कुठल्या ऑफिसात नसतात? त्यांच्याही नावापुढे कोणी तरी केव्हा तरी दोन हॅश काढून ठेवलेले असतात. तेव्हापासून कोणी विचारत नाही.

आता कोणी म्हणेल, यंत्राने एवढी कटकट करण्यापेक्षा चूक स्वतःच दुरुस्त करून टाकावी की. हा प्रयोगही होऊन गेला आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला विद्यार्थ्यांसाठी पीएल-सी नावाचा कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा दुभाषा, केला होता. त्याचं ब्रीद असं, की कुठलाही प्रोग्रॅम परत पाठवायचा नाही. जमेल तिथे चूक आपणच सुधारायची, आणि जे वाक्य सुधारण्यापलीकडचं असेल त्याच्या जागी काही तरी छापणारं वाक्य घालून पुढे जायचं. विचार उदात्त होता. त्या काळी प्रोग्रॅम पंचकार्डांवर यायचा आणि उत्तरासाठी ताटकळावं लागायचं, तेव्हा एका टिंबापायी पोराची फेरी फुकट जाऊ नये हा हेतू. तरी मला भीती वाटते. आमच्या ऑफिसात तो कंपायलर असता, तर आम्ही दर सोमवारी किराणा मालाची यादी टाकून शुक्रवारी गो-लाइव्ह केलं असतं.

त्याच्याही आधी, १९६०च्या दशकात, वॉरन टाइटलमन नावाच्या गृहस्थांनी एक सोय केली होती. तिचं नाव ‘डू व्हॉट आय मीन’. मी काय लिहिलं ते सोड, मला काय म्हणायचंय ते कर. संगणकवाल्यांमध्ये हिचा एक किस्सा चवीने सांगतात. झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात कोणी तरी डिस्कवर जागा करण्यासाठी हुकूम दिला, की शेवटी डॉलरचं चिन्ह असलेल्या, म्हणजे जुन्या प्रतींच्या, सगळ्या फाइली पुसून टाक. तशी एकही फाइल नव्हती. यंत्राने विचार केला, म्हणाले डॉलरवाल्या, पण त्या तर नाहीत. तेव्हा यांना ‘सगळ्या फाइली पुस’ असंच म्हणायचं असणार. आणि लागलं पुसायला. त्या माणसाने धावपळ करून पाच-सहा फाइलींवर निभावून नेलं म्हणतात. मनातलं ओळखणाऱ्या यंत्रापेक्षा ‘समजलं नाही’ म्हणून हात वर करणारं यंत्र परवडलं. माझ्या मनातलं ओळखायला घरात माणसं आहेत, आणि तीही नेहमी उलटंच ओळखतात.

असो. सिंटॅक्स चेकच्या नावाने आम्ही बोटं मोडतो खरे, पण वापरणाऱ्यांसाठी आम्हीही संदेश लिहितो, आणि तिथे आमची खरी प्रतिभा दिसते. एसएपीत प्रोग्रॅमरला आपले संदेश नोंदवायला एक वही दिलेली आहे. एका वर्गात ०००पासून ९९९पर्यंत क्रमांक, आणि एका संदेशाला ७३ अक्षरं. त्यात मावलं नाही तर सविस्तर मजकूर वेगळा लिहिता येतो: काय झालं, सिस्टीमने काय केलं, आता तुम्ही काय करावं. पण क्रमांकाशेजारी एक छोटीशी चौकट असते. तिचं नाव ‘स्वयंस्पष्ट’. तिच्यावर टिक असली की सविस्तर लिहायची जबाबदारी नाही. ती टिक काढायचे कष्ट कोणा भल्या माणसाने घेतल्याचं मी पाहिलेलं नाही. ‘त्रुटी आढळली.’ स्वयंस्पष्ट. ‘प्रक्रिया अयशस्वी.’ स्वयंस्पष्ट. एका प्रोग्रॅममध्ये मला नुसता ‘इथे यायला नको होतं’ असा संदेश सापडला. लिहिणारा कधीच नोकरी सोडून गेला होता. संदेश प्रोग्रॅमला होता की कंपनीला, हे विचारायला कोणी उरलेलं नव्हतं.

थेट प्रोग्रॅम कोसळला, म्हणजे आमच्या भाषेत डंप आला, तर लांबलचक पान उघडतं. त्यावर ‘काय झालं?’, ‘तुम्ही काय करू शकता?’ असे आपुलकीचे मथळे असतात. काय करू शकता, तर कशामुळे असं झालं ते लिहून ठेवा आणि आपल्या ॲडमिनिस्ट्रेटरला भेटा. गंमत म्हणजे वर्षानुवर्षं त्या इंग्रजी वाक्यातल्या ‘युअर’चा शेवटचा ‘आर’ गळालेला होता. संभाव्य कारण: चुकीचं स्पेलिंग.

पण ‘आर’ असला काय आणि नसला काय, वाचतो कोण? क्लायंटकडून फोन येतो.

‘अहो, तुमचं ते चालत नाहीये.’

‘काय मेसेज आला?’

‘लाल आला.’

‘लाल, पण लिहिलं काय होतं?’

‘ते काय वाचत बसणार? बंद केलं.’

‘पुन्हा आला तर फोटो पाठवा.’

फोटो येतो. त्यात अर्धा मॉनिटर, शेजारी चहाचा कप, मागे भिंतीवरचं कॅलेंडर अगदी तिथीसकट स्वच्छ, आणि संदेशाच्या जागी ट्यूबलाइटची चमक. खाली लिहिलेलं: ‘अर्जंट.’

खरं तर संदेशांचा मार खाण्यात चंदनसारच्या माणसाचा हात कोणी धरू शकणार नाही. ऑनलाइन फॉर्म भरायला बसून बघा. आमचा तालुका वसई, शहर विरार, महानगरपालिका २००९पासून वसई-विरार, आणि जिल्हा १ ऑगस्ट २०१४पर्यंत ठाणे, त्यानंतर पालघर. पिनकोड ४०१३०५ टाकला, की काही फॉर्म आपण होऊन ‘ठाणे’ भरतात. आपण ‘पालघर’ करावं, तर म्हणतात, जिल्हा आणि पिनकोड जुळत नाही. मुकाट्याने ‘ठाणे’ ठेवावं, तर आधार कार्डाशी जुळत नाही. आणि पत्त्यात ‘वसई-विरार’ लिहिलंत, तर लाल अक्षरांत उमटतं: ‘विशेष चिन्हे वापरू नयेत.’ एवढी लाखांची वस्ती मधल्या एका आडव्या रेघेमुळे अवैध!

एबॅपला ही रेघ चालते, पण तिथेही सुख नाही. तिथे रेघेच्या डावीकडे मोठी संरचना असते आणि उजवीकडे तिच्या पोटातलं एक फील्ड. त्या हिशेबाने ‘वसई-विरार’ म्हणजे वसईच्या पोटात विरार. हे विरारच्या एखाद्या चहाच्या टपरीवर मोठ्याने म्हणून बघा. कोणता संदेश येतो ते वाचायची गरज पडणार नाही. आडव्या रेघेला कमी लेखू नये. २२ जुलै १९६२ला शुक्राकडे निघालेलं अमेरिकेचं मरिनर-१ हे यान पाच मिनिटांच्या आत भरकटलं म्हणून नष्ट करावं लागलं, तेही सूत्र उतरवताना एका अक्षरावरची रेघ राहिल्यामुळे, असं सांगतात. आमची तर फक्त गॅसची सबसिडी अडली होती.

नेमका संदेश कसा असावा हे शिकायला जर्मनीला जायची गरज नाही. १२ एप्रिल १८६७ला विरारहून बॅकबेला पहिली गाडी सुटली. तेव्हापासून घासूनपुसून तयार झालेली एक शैली संध्याकाळच्या विरार फास्टच्या दारात ऐकायला मिळते. एखादा अनभिज्ञ इसम दांडा पकडतो.

‘कुठे?’

‘बोरिवली.’

‘मागून बोरिवली येतेय.’

संपलं. चूक काय, कोणाची आणि उपाय काय, सगळं त्यात आलं. ७३ अक्षरांतली निम्म्याहून जास्त उरली. शिवाय संदेश ज्या ओळीची चूक त्याच ओळीला मिळाला. सविस्तर मजकूर हवा असेल तर तोही तिथे तत्काळ पुरवला जातो, पण सहसा मागणी नसते.

हे सगळं डोक्यात घोळत होतं तेव्हाच आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी घरी आले. हातात एक पिवळा पडलेला कागद. त्यावर लिहिलेलं: ‘सर्व सभासदांना सूचित करण्यात येते की, वरून पाणी टाकू नये, अन्यथा योग्य ती कारवाई करण्यात येईल.’

‘कोणी वाचतच नाही हो,’ ते म्हणाले. ‘तुम्ही कॉम्प्युटरवाले. असं काही तरी लिहा, की ज्याचं त्याला कळेल.’

ज्याचं त्याला कळेल! इतक्या वर्षांत मला इतकी स्वच्छ रिक्वायरमेंट कुठल्याही क्लायंटने दिली नव्हती. मी पाहणी केली, गॅलऱ्या न्याहाळल्या, आणि संदेश लिहिला: ‘बी विंग, चौथा मजला, जिन्याच्या उजवीकडचं घर. तुळशीच्या कुंडीखाली थाळी नाही. परिणाम: तिसऱ्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांवर मातीचं पाणी. उपाय: थाळी ठेवावी.’ जागा, कारण, परिणाम, उपाय. बोर्डावर लावला आणि जीवदानीच्या डोंगराकडे बघत छान चहा घेतला.

चहा संपायच्या आत बेल वाजली. चौथ्या मजल्यावरचे काका.

‘आमची तुळस नोटीस बोर्डावर?’

‘काका, तुळशीला काही म्हटलेलं नाही. थाळी…’

‘तीस वर्षं विरारला राहतोय. कोणी बोट दाखवलं नव्हतं आमच्याकडे.’

त्यांच्या मागे तिसऱ्या मजल्यावरच्या काकू. मला वाटलं, या आपल्या बाजूने. त्या म्हणाल्या, ‘आमचे कपडे कशाला घातले त्यात? लोक खाली उभे राहून वर बघतात आता, कुठले कपडे म्हणून.’ मग तळमजल्यावरचे एक गृहस्थ आले. त्यांचा नोटिशीशी काहीच संबंध नव्हता. तेवढ्याचसाठी ते आले होते. म्हणाले, ‘आमचं नाव यात कुठे येत नाही ना, याची खात्री करायला आलो.’

रविवारी गच्चीवर तातडीची सभा भरली. त्यात चौथ्या मजल्यावरच्या काकांनी साक्षीपुरावे मांडले, आणि सिद्ध असं झालं, की तुळशीला ते पाणी घालतात वाटीभर. बाकीचं पाणी येतं पाचव्या मजल्यावरच्या एसीच्या नळीतून, पडतं कुंडीत, कुंडी भरून वाहते आणि जातं काकूंच्या कपड्यांवर. म्हणजे पाचव्या ओळीत टिंब राहिलेलं आणि बोट चौथ्या ओळीवर! माझी नोटीस सिंटॅक्स चेकच्या परंपरेला अगदी धरून होती. सगळ्यांनी वर बघितलं. पाचव्या मजल्यावरचे सभासद, जे सोसायटीचे खजिनदारही आहेत, ते आकाशाकडे बघत म्हणाले, ‘यंदा पाऊस लवकर दिसतोय.’

‘मग पाचवा मजला असं दुरुस्त करून लिहितो,’ मी म्हटलं.

सभेत एकदम शांतता. मग सगळे एकाच वेळी बोलायला लागले. मघापर्यंत भांडणारे चौथ्या मजल्यावरचे काकाच म्हणाले, ‘हे बघा, कोणाचं नाव नको. आज त्यांचं, उद्या आणखी कोणाचं.’ काकू म्हणाल्या, ‘मजला तरी कशाला लिहायचा? कळतं ज्याला कळायचं ते.’ कोणी म्हणालं, ‘एसी’ शब्द नको, सगळ्यांकडे नाहीत, उगाच टोमणा वाटेल. कोणी म्हणालं, ‘पाणी’ शब्दही नको, टँकरच्या बिलाचा विषय निघेल. त्याला मात्र बहुमताने फेटाळलं. पाणी राहू द्यायचं ठरलं. एवढा बारकाईने केलेला कोड रिव्ह्यू मी अंधेरीच्या ऑफिसात पाहिलेला नाही. एकेक नेमका शब्द शोधून काढून टाकला जात होता आणि मी उभ्या-उभ्या मोबाइलवर दुरुस्त्या करत होतो. अखेर एकमताने मंजूर झालेला मजकूर असा:

‘काही ठिकाणांहून काही वेळा काही प्रमाणात पाणी पडत असल्याचे काही सभासदांच्या निदर्शनास आले आहे. तरी संबंधितांनी योग्य ती दखल घ्यावी.’

टाळ्या पडल्या. खजिनदारांनी तर मजकूर तिथल्या तिथे सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली स्वतःच लिहिलं, ‘समस्या गंभीर आहे. लोकांना सिव्हिक सेन्स राहिलेला नाही.’ त्यावर चौथ्या मजल्यावरच्या काकांचे दोन अंगठे, काकूंचे जोडलेले हात.

जिन्यावरून उतरताना सेक्रेटरींनी मला बाजूला घेतलं.

‘मस्त झालं. कोणाला लागलंही नाही.’

‘पण पाण्याचं काय?’

‘पाणी पडणारच हो. काकू कपडे आता गच्चीत वाळत घालतायत. तेवढं एक करा, शेवटी एक ओळ टाका. नाही तर एकेक जण माझ्या घरी येऊन विचारेल, याचा अर्थ काय म्हणून.’

‘काय टाकू?’

‘टाका की, सूचना स्वयंस्पष्ट आहे.’